मंत्रीसाहेबांसमोर मीच बोलणार

३ फेब्रुवारी, परतूर
नवा नियम येऊन राह्यला. ज्याच्याकडं शेतीची डिग्री न्हाई, त्याचं खत-औषधाचं लायसन मार्चनंतर रिन्यू होणार न्हाई. आपली डिग्री बारावी, तीबी इंग्लिशमधी अडकलेली. दुकान गेलं तर खायचं काय?

आज खत दुकानदारांच्या संघटनेची मीटिंग. मंत्रीसाहेबांना भेटून नियम मागं घ्यायला लावायचं ठरलं. बोलणार कोण म्हणल्यावर सगळे आपापल्या चहात बघाया लागले. मंग मीच हात वर केला. मी काय कोणाला भीत न्हाई.

५ फेब्रुवारी
आरशासमोर प्रॅक्टिस. ‘नियम रद्द झालाच पाहिजे.’ जरा कडक वाटलं. ‘रद्द करावा’ केलं. मंग ‘विचार व्हावा’. बायको, मीना, आतून म्हणे आवाज का कापून राह्यला. कफ झालाय, सांगितलं.

८ फेब्रुवारी
जेवण जाईना. ॲसिडिटी.

संघटनेचा सेक्रेटरी सर्जेराव म्हणे, आधी शाल-नारळ, मंग निवेदन. रिकाम्या हातानं गेलं तर पीए आत सोडत न्हाई. बराबर. शाल मीच आणली, भारीतली.

१० फेब्रुवारी, दुपारी, जालना
रेस्ट हाऊसला जाऊन आलो. शाल घातली, नारळ दिला, फोटोवाल्यानं हसायला सांगितलं, हसलो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, विचारलं काय म्हणणं आहे. तोंडातून निघून गेलं, निर्णय चांगला आहे साहेब. सर्जेरावनं कोपर मारलं, तोवर पीएनं पुढच्यांना आत घेतलं. निवेदन खिशातच.

हरकत न्हाई. आधी ओळख लागते. निवेदन पोस्टानं धाडू.

११ फेब्रुवारी
पेपरात फोटो. मी दात काढून हसून राह्यलो. खाली छापलंय, नव्या नियमाबद्दल दुकानदारांकडून मंत्र्यांचा सत्कार. सर्जेराव फोन उचलत न्हाई. बिझी असेल.

२६ फेब्रुवारी
नियम लागू झाला. साहेब भाषणात म्हणाले, खुद्द परतूरच्या दुकानदारांनी स्वागत केलं. संध्याकाळी संघटनेतले चारजण दुकानासमोर येऊन उभे राह्यले. त्यांचीबी दुकानं जाणार. मला लई भीती वाटून राह्यली.

मीना म्हणे, परत साहेबांकडं जा अन् खरं काय ते सांग. उद्या जातो. या खेपेला सांगणारच, बिलकुल सांगणार.

नवी शाल घेऊन ठेवली.