शर्टाखाली न दिसणारं

शालन,

मी तळवलीत मजेत आहे. शेठ हल्ली माझा फोन बघायला मागतात, म्हणून कागदावर लिहितोय. आबांचा गुडघा कसा आहे?

कुंदनशेठना पिस्तुलाचा परवाना मिळाला. मी फौजेत होतो म्हणून निवडायला मलाच दुकानात नेलं. मी रिव्हॉल्व्हर सुचवलं, ते सहसा अडत नाही. शेठ म्हणाले, "जाड हाय. शर्टाखाली कोनाला दिसलं नाय पायजे." मग मी एक चपटं, हलकं पिस्तूल काढून दिलं. खाली बसलं तरी कमरेला दिसत नाही.

मला वाटलं, शेठना भीती त्यांच्या भावाची असेल. जमिनीवरून दोघांचं बोलणं बंद आहे. पण गेल्या आठवड्यात गावातल्या हळदीला त्याच भावाने, धनेशने, मला हाताला धरून पंगतीत बसवलं, आग्रहाने मटण वाढलं. भरल्या ताटावरून कसा उठणार? शेठ लांबून बघत होते.

तेव्हापासून गाडीत शेठ माझ्या शेजारी बसत नाहीत. मी चालवतो, ते बरोबर माझ्या पाठीमागे. आरशात बघावं तर हात शर्टाखाली.

तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. पिस्तूल मी स्वतः पारखून घेतलंय, ऐनवेळी दगा देणार नाही.

तुझा,
सर्जेराव