दुप्पट लाट, चौपट जोर

नानपुरा, सुरत
११ नोव्हेंबर १९६८

ती. सौ. सासूबाईंच्या चरणी मुकुंदाचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? (शेकताना रबरी पिशवी अर्धीच भरावी.) नाना आणि अरुणा सुखरूप पोचले. नानांची तब्येत उत्तम आहे, हे मी खात्रीने लिहितो. एवढं मनात धरूनच पुढचं वाचावं.

काल रविवार, म्हणून सगळ्यांना डुमसला समुद्रावर नेलं. भरती चढत होती. नाना धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे, शेजारी मी. तेवढ्यात आधीच्या लाटेपेक्षा चांगली दुप्पट उंच लाट येताना दिसली, म्हणून मी त्यांना मागे सरायला सांगितलं. नानांनी फौजदार असताना मोर्चे अडवलेले. “दुप्पट उंच असेल, तर दुप्पट पाय रोवीन,” म्हणाले. आता कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या जावयाने हे ऐकून घ्यावं का? मी समजावलं, की दुप्पट उंचीच्या लाटेत जोर चौपट असतो, कारण पाणीही दुप्पट उचललेलं असतं आणि तेही दुप्पट उंच. विजेच्या शेगडीचं तसंच. दाब दुप्पट केला की प्रवाहही दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. (आपल्या शेगडीवर हे करून पाहू नये.) नानांना शेगडीचं पटलं, लाटेचं पटेना. समुद्राला तार कुठे असते, असं त्यांनी विचारलं. मी उत्तर देत असतानाच लाट पोचली.

सिद्धान्त शंभर टक्के खरा ठरला. फक्त त्या गडबडीत नानांची कवळी समुद्रात गेली. भजीवाल्यानेसुद्धा चिखलात शोधली, पण सापडली नाही. तेव्हापासून नाना माझ्याशी बोलत नाहीत. शास्त्रात वडीलधारेपण चालत नाही, हे आपणच त्यांना सांगावं.

आपला,
मुकुंद

ता. क. येत्या रविवारी अरुणाला पाहायला बँकेतल्या त्या मुलाकडचे येणार, आणि बोलणी नानांनीच करायची आहेत. त्यांची जुनी कवळी फडताळात आहे म्हणे. शनिवारच्या आत कोणाबरोबर तरी पाठवावी.

ता. क. दुसरा. उरलेल्या जागेत नीला दोन ओळी लिहिते आहे.

आई, नाना जागचे हलले नव्हते. वाहून गेले ते हे. ह्यांना हाक मारायला नानांनी तोंड उघडलं, तेव्हा कवळी पडली. मग ह्यांची कॉलर धरून त्यांनीच बाहेर ओढलं. नाना बोलत नाहीत ते रागावून नव्हे. ह्यांच्याकडे पाहिलं की त्यांना हसू येतं, आणि दातांशिवाय जावयासमोर हसायची लाज वाटते.
– नीला