सहाची बस

प्रिय ताई,

पन्नाशीत लग्न करून तू गेलीस, पण मनीला ते कोण समजावणार? सहा वाजले की ती अजून तुला आणायला रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर निघते. परवा ट्रकखाली येता येता वाचली. आता पावणेसहालाच तिला खायला घालून दार लावून घेते. मग ती दाराशी ओरडत बसते.

शेजारचा शिंपी म्हणाला, "बाई, मांजर कोंडलंत की स्वतःला?"

तुझ्या लग्नादिवशीही मी अशीच दार लावून बसले होते. रुसले मी होते गं, ती नव्हे.

येशील तेव्हा आधी कळव. थांब्यावर मीच येईन.

टपालपेटीही तिथेच आहे. उद्या टाकते म्हणत तुला लिहिलेली तीन पत्रं पर्समध्येच राहिलीत.

तुझी,
रस्त्याअलीकडची धाकटी