म्हापशात थांबलेला ठिपका

देवगड, १९ मे

प्रिय मुनीब,

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. रागात बोलायला लागले की मला रडू येतं आणि मग तूच मला समजावत बसतोस. या वेळी तुझं समजावणं नको, म्हणून लिहिते आहे. फोटो काढून पाठवीन. शेवटपर्यंत वाच.

काल गुरुदासला बघून आले. डावा पाय गुडघ्याच्या वरून कापलाय. डॉक्टर म्हणाले, तीनचार तास आधी आणलं असतं तर पाय वाचवता आला असता. गुरुदास माझ्याकडे बघून कसंनुसं हसला आणि म्हणाला, "आपा, गाडयेचा लय नुकसान झाला काय गो?" मुनीब, एकोणीस वर्षं हा माणूस आपला टेम्पो चालवतोय. तुला गाडी त्यानेच शिकवली. मिठमुंबरीच्या रस्त्यावर तू ती दगडी गडग्यावर घातलीस, तेव्हा अब्बांना त्याने आपलंच नाव सांगितलं होतं.

आणि त्याच्यावर नजर ठेवायला तू शारजाहून तो डबा पाठवलास. चिनी साइटवरून मागवलेले दहा ट्रॅकर, इथल्या दुकानातल्या एकाच्या किमतीत चार. ना बनवणाऱ्याचं नाव, ना पावती, माहितीचा कागद चिनी भाषेत. मी म्हटलं होतं, कणकवलीच्या दुकानातून घेऊ, काही बिघडलं तर निदान विचारायला माणूस असेल. तू हसलास. "आपा, माणसांवर विश्वास टाकून धंदा होत नाही," म्हणालास. वायरिंगवाला सुदेश ते यंत्र बसवत होता तेव्हा बॅटरी धरून उजेड दाखवायला गुरुदासच उभा होता. कशासाठी बसवतायत, हे त्याने एका शब्दाने विचारलं नाही.

त्या सोमवारी तो पहाटे आंबे घेऊन म्हापशाला गेला. बारा वाजले तरी परतला नाही, फोन लागेना. त्याची बायको सारिका ऑफिसात आली. भाकऱ्या टाकून तशीच आली होती, हाताला पीठ होतं. "आपा, हे फोन केल्याबिगर ऱ्हवचे नाय. कायतरी झाला आसा. कोणाक तरी धाडा." मी तिला मोबाइल दाखवला. ट्रॅकरचा हिरवा ठिपका म्हापशाच्या बाजारात उभा होता. मग तुला फोन लावला. स्पीकर चालू होता, हे तुला मी सांगितलं नाही. तू म्हणालास, "गाडी बाजारातच आहे. बसला असेल कुठल्या तरी बारमध्ये. संध्याकाळी येईल डुलत." सारिकाने ते ऐकलं. गुरुदास दारूला शिवत नाही, हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे, तुलाही होतं. तिने पदराला हात पुसले आणि निघून गेली.

चार वाजता आरोंद्याच्या खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढायला गेलेल्या बायकांना टेम्पो दिसला. रस्त्यावरून खाली झाडीत उलटलेला, आणि पायावर केबिन घेऊन पडलेला गुरुदास. सकाळी दहापासून. त्याच्या फोनचा चुरा झाला होता. सुदेशने नंतर ते यंत्र उघडून बघितलं. म्हणाला, म्हापशातच बंद पडलं असणार, आणि बंद पडलं की हे शेवटची जागा दाखवत राहतं, गाडी कुठेही जावो. म्हापशाच्या व्यापाऱ्याला एक फोन केला असता तर कळलं असतं की गुरुदास नऊलाच निघाला. तू केला नाहीस. मीही केला नाही.

आता तू मेसेज केलास की पोलिसांना आणि विम्याला लिहून दे, ड्रायव्हरने न विचारता रस्ता बदलला, आरोंद्याला त्याचं काही काम नव्हतं. तो मेसेज वाचून मी मोबाइल भिंतीवर मारणार होते. त्या बिछान्यावरच्या माणसाचं उरलंसुरलं नावही तुला हवंय?

तर आता ऐक, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सव्वानऊला गुरुदासचा मला फोन आला होता. "आपा, बांद्याक रस्तो बंद आसा, आरोंद्यावरसून येव काय?" मी म्हटलं, ये. आणि बाराला सारिका समोर उभी असताना मी ठिपका म्हापशात बघितला, तुझं बोलणं ऐकलं आणि मनात म्हटलं, म्हणजे हा माझ्याशी खोटं बोलला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आरोंदा हा शब्द माझ्या तोंडात होता, मुनीब. मी तो बाहेर काढला असता तर आरोंद्यातलेच लोक साडेबाराला शोधायला निघाले असते. आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन मी हे सगळं जबाबात लिहून दिलं, तुझा फोन, माझं गप्प राहणं, सगळं. तिथून सारिकाकडे गेले आणि तिलाही सांगितलं. तिने दार लावून घेतलं. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र.

तुझीच,
सकिना आपा