मिठाने धुतलेली जोडी

ता. ३, सोमवार
आज धाकट्या चिरंजिवांच्या घरी कायमचा राहावयास आलो. खोली हवेशीर असून मन प्रसन्न झाले. भिंतीलगत काचेच्या अकरा टाक्या आहेत. चिरंजीव हौसेने घरी मासे पैदा करतात. सूनबाई हसून म्हणाल्या, की या घरात गरम पाणी आधी माशांना, उरलं तर माणसांना. दीड वर्षाची नात माझ्या मांडीवरून उतरेना.

ता. ५
उद्यापासून तिघे आठवडाभर बाहेरगावी. टाक्या माझ्या हवाली. खिडकीजवळच्या टाकीत डिस्कस जातीची, ताटलीएवढी गोल जोडी आहे. चौथ्या खेपेस तिची पिल्ले जगली आहेत. चिरंजीव म्हणाले, की बाबा, बाकी काहीही करा, या जोडीला हात लावू नका. मी सुनावले, की रुग्णालयात चाळीस वर्षे सफाई मुकादम होतो, मला शिकवू नये. सूनबाई पुटपुटल्या, की म्हणूनच सांगतायत ते.

ता. ७
जोडी काळवंडली आहे. अंगावर शेंबडासारखा पांढरट थर आला असून शंभरेक पिल्ले तो ओरबाडून खात आहेत. आईबाप निमूट उभे. मला जेवण गेले नाही. हा रोगच, यात शंका नाही. दोघांस बाहेर काढून मिठाने चोळले व फडक्याने लख्ख पुसले.

ता. ८
सकाळी दोघेही मरून तरंगत होते. चिरंजिवांची वही वाचली. तो रोग नव्हे. तो थर म्हणजेच पिल्लांचे दूध. सुरुवातीस ती दुसरे काही खात नाहीत. दुपारी चिरंजिवांचा फोन आला. सर्व ठीक आहे, असे सांगितले. मी खोटे बोललो.

ता. ९
उकडलेल्या अंड्याचा बलक दिला. पिल्ले शिवली नाहीत. मेलेली काढण्यास डावा हात घातला, तो उरलेली मनगटास चिकटली व खाऊ लागली. किळसेने हात उपसला. मग चिरंजिवांस काय तोंड दाखवू, हे मनात आले. हात पुन्हा घातला.

ता. १०
सकाळ-संध्याकाळ तासभर हात पाण्यात. इवल्या तोंडांची खरवड सुरू असते. त्यांची पोटे भरलेली दिसतात. हात साबणाने सात वेळा धुतला, तरी बुळबुळ जात नाही.

ता. ११
हात कोपरापर्यंत काळा. वर तोच पांढरा थर. पुसला की पुन्हा येतो. मीठ हाती घेतले होते — जोडी आठवली. ठेवून दिले.

ता. १२
आता खांदा, छाती. सदरा चिकटतो. वास — टाकीपासून दूर गेलो की थर साचून ठणका लागतो. पिल्ले मला ओळखतात. काचेशी गोळा होतात.

ता. १३
सर्व परतले. जोडी आपोआप गेली, असे सांगितले. चिरंजीव म्हणाले, की जोडीशिवाय पिल्लं जगवलीत, बाबा, हे भल्याभल्यांना जमत नाही. खरे सांगणार होतो. मान ताठ झाली. राहून गेले.

नात मांडीवर. तिने माझी बाही वर सारली — चाटते आहे. सूनबाई आतून विचारतात, की ही आज जेवत का नाही —

किळस येते. हात काढून घ्यावा. घेतलाच पाहिजे. परंतु ठणका — ठणका थांबला आहे, आणि मी निमूट