वाळूच्या बांधाआड

क्युपर्टिनो,
दि. १७ ऑगस्ट

चि. देवयानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तुझं अर्धं बोलणं हवेत जातं. परवा तुझ्या आईने विचारलं, पोरगी पीएचडी करते म्हणजे नेमकं काय करते? मी सांगितलं, समुद्रकाठी कचरा वेचते. ताई म्हणाली, तो तर इथेही वेचता आला असता.

आता कामाचं. पितृपक्ष येतोय. तुझ्या काकांना जाऊन दोन वर्षं होतील. अर्ध्या अस्थी आमच्या मिहीरने नाशिकला नेल्या आणि अर्ध्या मी तुझ्या त्या लगूनमध्ये, समुद्रकाठच्या तळ्यात सोडल्या, हे तुला ठाऊक आहे. माझे गुडघे आता तिथली वाळू चालू देत नाहीत. मिहीर शनिवारी तिकडे येतोय, त्याच्याबरोबर निर्माल्याची पिशवी पाठवते. नेहमीप्रमाणे फ्रीझरमध्ये साठवलेली आहे. देवाची फुलं कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझा हात धजत नाही. काका आहेत तिथे पाण्यात सोड.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, पत्राचं उत्तर आलं की आणखी वाढेल.

तुझी,
लतामावशी

विद्यापीठ वसाहत,
दि. २ सप्टेंबर

ती. लतामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पिशवी मिळाली. सोडली नाही. माझ्या फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी आहे. आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

गेल्या महिन्यात आम्ही लगूनच्या तळातून कचरा काढला. शहरातल्या नाल्यांमधून वाहून आलेले कॉफीचे कप, रॅपर्स, बाटल्यांची झाकणं, थर्माकोल, चक्क एक शॉपिंग कार्ट. ते सगळं ताडपत्रीवर पसरून आम्ही वेगवेगळं करतो. त्यात अकरा झिपच्या पिशव्या निघाल्या. आत काळा चिखल आणि वर पक्क्या मार्करने लिहिलेलं, ‘निर्माल्य, मार्च, मोगरा’. प्रोफेसरांनी विचारलं, ही कोणती भाषा? मी वाचून अर्थ सांगितला. अक्षर माझ्या मावशीचं आहे हे मात्र सांगितलं नाही. फुलं सोडलीस ते एक वेळ ठीक, पण पिशवीसकट का गं?

खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती लिहायचं टाळण्यात मी दहा दिवस घालवले. लगूनच्या तोंडाशी वाळूचा बांध साचलाय. पुलाचा भराव घातल्यापासून तो हिवाळ्यातल्या पावसातसुद्धा आपोआप फुटत नाही. आत पडलेलं आतच राहतं. काका समुद्राला मिळाले असं तुला वाटतं, पण ते अजून तिथेच आहेत. पाण्यातला ऑक्सिजन संपत आलाय, मासे मरताहेत. म्हणून कचरा काढून झाला की बांध मशीनने फोडून पाणी समुद्रात सोडावं, अशी शिफारस आमच्या रिपोर्टमध्ये आहे. ऑक्टोबरमध्ये त्यावर सुनावणी आहे आणि तिथे मला बोलायचंय. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. सॉरी, मावशी.

या पत्रानंतरही लोभ असू दे.

तुझी,
देवयानी

क्युपर्टिनो,
दि. ११ सप्टेंबर

चि. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. पिशव्यांची मात्र फार लाज वाटली. गाडीत पाणी गळू नये म्हणून पिशवी, आणि फुलं काठावर येऊन कुणाच्या पायाखाली जाऊ नयेत म्हणून ती तशीच सोडायची. भजनाच्या सगळ्याजणींना ही युक्ती मीच शिकवली. आता येत्या गुरुवारी तीच माघारी घ्यावी लागेल. त्यांच्यातली दीपा तर मला चिडवल्याशिवाय सोडणारच नाही.

राहिलं बांधाचं. मला ते माहीत होतं. दर रविवारी आम्ही तिथे थर्मास घेऊन बसायचो. हे काठीच्या टोकाने रॅपर उचलायचे आणि मला समजावायचे की, हे पाणी कुठेच जात नाही. मी म्हणायचे, मग आपणही जाऊ नये, चहा ओता. म्हणून तर मी अस्थी तिथे सोडल्या. नाशिकला गेले ते सगळ्यांचे. हे अर्धे मला जवळ हवे होते. एवढ्या मोठ्या समुद्रात मी ह्यांना कुठे शोधणार होते?

तुझ्या बांधाला एक वर्ष थांबता येणार नाही का? म्हातारीचा हट्ट समज, पण विचार कर.

आशीर्वाद आहेतच, ते तुझ्या उत्तरावर अवलंबून नाहीत.

तुझी,
मावशी

विद्यापीठ वसाहत,
दि. २० सप्टेंबर

ती. लतामावशीस,
शि. सा. न.

तुझं पत्र पार्किंग लॉटमध्ये उघडलं आणि गाडीत बसून रडले.

थांबता येत नाही गं. सोमवारी सकाळी काठभर मेलेले मासे होते, वास पलीकडच्या शाळेपर्यंत जात होता. तू नको म्हणालीस तर मी सुनावणीला जाणार नाही. माझ्याबरोबर काम करणारा परीक्षित बोलेल. पण पाण्याच्या तपासण्या मी केल्यात, प्रश्न विचारले तर त्याला उत्तरं देता येणार नाहीत आणि निर्णय पुढे ढकलला जाईल. तुझ्यावर दडपण आणायला हे लिहीत नाही. खरं तर थोडं त्यासाठीच लिहितेय. काका असते तर काय म्हणाले असते, एवढं मात्र मी विचारणार नाही.

कसंही ठरव, माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
देवयानी

क्युपर्टिनो,
दि. २९ सप्टेंबर

चि. देवयानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल मिहीरच्या खांद्यावर भार टाकून लगूनवर जाऊन आले. नाकाला रुमाल लावूनच उभी राहिले. घरात दूध नासलं तरी ह्यांना खपायचं नाही, थंडीतसुद्धा सगळ्या खिडक्या सताड उघडायचे. त्या माणसाला मी तिथे ठेवलंय, केवळ मला एकटीला करमत नाही म्हणून. फार रडू आलं. मिहीर बिचारा घाबरला, गुडघा दुखतोय का विचारत राहिला. मी हो म्हटलं.

तू सुनावणीला जा आणि न घाबरता बोल. पिशव्यांचं कुणी विचारलं तर खुशाल सांग, आमच्या मावशीने टाकल्या आणि आता तीच बाकीच्यांना आवरतेय.

फक्त बांध फुटेल त्या दिवशी मला न्यायला ये. चाळीस वर्षं हे कामाला निघाले की मी दारात उभी राहायचे. माणसाला जा म्हणू नये, म्हणून ‘या’ म्हणायचे. हॉस्पिटलमध्ये शेवटी ते म्हणायचं राहून गेलं. ते आता काठावर उभी राहून म्हणेन. तू शेजारी थांब, पण माझ्याकडे बघू नकोस.

लोभ होता, आहे, असाच राहू दे.

तुझी,
लतामावशी