घरून होकार

११ जाने., रवि.
चर्चची वार्षिक सभा आटोपली. बाहेर इतकं धुकं, की निम्मे लोक उशिरा आले आणि समोसे गार झाले. विनयची मुदत संपली. नियमच आहे, लागोपाठ दोनदा झालं की उतरायचं. मंडळीचा कारभार बघणाऱ्याला आपल्याकडे नगरला पंच म्हणतात, इथल्या हिंदी मंडळीत ‘प्राचीन’. ऐकून मला अजून हसू येतं. त्यांच्या जागी कोण, म्हटल्यावर डॅनियल आंटी मागच्या बाकावरून म्हणाल्या, “सुलभा को बनाइए. विनय भाई का आधा काम तो वही करती थीं.” सगळे हसले. मग हसणं थांबलं आणि हात वर झाले.

विनयनीही हात वर केला. मी बघितलं, कोपरापर्यंतच.

मंडळीत आजवर बाई प्राचीन झालेली नाही, नवऱ्याच्या जागी बायको तर नाहीच.

१२ जाने., सोम.
बँकेत इन्स्पेक्शन. घरी यायला उशीर. जेवणाआधी रोजच्यासारखी चटई टाकली. आमची घरची प्रार्थना ठरलेली. वि. गीत काढणार, शास्त्र वाचणार, मग आम्ही दोघं आणि लेक रूथ पाळीपाळीने, शेवटी एकमेकांना सलाम. आज वि. पेपरातून मान वर न करता म्हणाले, “तू घे. प्राचीन तू आहेस आता.” रूथ खिदळली. मलाही चेष्टाच वाटली, म्हणून घेतली. सूर फार वर लागला, तिसऱ्या कडव्याला आवाज चिरकला. एरवी वि.नी सोडलं नसतं, आठवडाभर नक्कल केली असती. आज चटई गुंडाळून पेपर पुन्हा उघडला.

१४ जाने., बुध.
शेजारच्या मिश्राजींकडून संक्रांतीची खिचडी आली, तूप सोडलेली. आजही “तू घे.” तिसरा दिवस. चेष्टा नाहीये ही.

मी: अहो, पुरे आता. चर्चचं चर्चमध्ये.
वि.: घर आणि चर्च वेगळं नसतं. मीच शिकवत आलोय ना लोकांना.

घेतली प्रार्थना. त्यांची पाळी आली तेव्हा मनातल्या मनात केली. माझं लग्न झाल्यापासून या माणसाची प्रार्थना ऐकून माझा दिवस संपतो. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा मोठ्याने केली होती त्यांनी.

१६ जाने., शुक्र.
पादरीसाहेबांचा फोन, बँकेत ऐन गर्दीत. २५ला माझी नेमणूक. “भाई साहब को बता दीजिएगा, सवाल उन्हीं से पूछा जाएगा.”

तो सवाल. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ही रीत वि.नीच आणलेली, पहिल्यांदा निवडून आले तेव्हा. घर राजी नसेल तर सेवा कशी व्हायची, असं म्हणाले होते, आणि सगळ्यांना पटलं. तेव्हापासून नेमणुकीच्या दिवशी घरच्या माणसाला उभं करतात आणि पादरीसाहेब विचारतात, “क्या आप इन्हें इस सेवा के लिए ख़ुशी से देते हैं?” आजवर उभ्या राहिल्या त्या सगळ्या बायकाच. मी दोनदा. दोन्ही वेळा “हाँ, ख़ुशी से देती हूँ.”

घरी मला विचारलं होतं का? दुसऱ्या वेळी, अलीगंजच्या सिग्नलला गाडी थांबली असताना म्हणाले होते, “मोठ्याने बोलशील ना? मागे ऐकू जात नाही.” एवढंच.

मग प्राचीन म्हणून रोज संध्याकाळी ते कुणाच्या तरी घरी, नवराबायकोंची भांडणं मिटवायला. मी घरी रूथचा अभ्यास आणि सासूबाईंचा मोतीबिंदू. मिटवायचे मात्र छान. अजून त्यातली दोन घरं नाताळला केक घेऊन येतात.

निरोप दिला. वि. म्हणाले, “बरं.”

१८ जाने., रवि.
उपासनेनंतर वि.नी कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. प्रभुभोजनाचा प्याला असतो ते कपाट. “ही जरा उचलून फिरवायची, नाहीतर अडकते.” दोनदा करून दाखवलं. कुलपात तेलही घालून आणलं होतं. लोकांसमोर इतकं नीट वागतात, की तक्रार कशाची करायची हेच कळत नाही.

परतीच्या वाटेवर मानक नगर आलं. मग मागच्या सीटवरून रूथ, “आप दोनों में कट्टी है क्या?”
वि.: नाही.
मी: नाही.
आठवडाभरात आमचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

२० जाने., मंगळ.
भांडलो. म्हणजे मी भांडले.

मी: कळवते त्यांना, मला नको म्हणून.
वि.: म्हणजे लोक म्हणतील नवऱ्याने अडवलं.
मी: मग काय करू?
वि.: तुला वाटेल ते कर.
मी: तुम्ही राजी आहात की नाही, एवढं एकदा सांगा.

उठून गच्चीत झाडांना पाणी घालायला गेले. या धुक्यात. कुंड्या आधीच ओल्याचिंब होत्या.

समजतं मला. ऑफिसात यंदा त्यांच्या डोक्यावर एक तरुण साहेब आलाय, रूथ ‘पप्पा मेरे काम में मत पड़िए’ म्हणते. मंडळीतच काय तो मान होता. तोही गेला, आणि गेला तो घरातच. परक्या कुणाकडे गेला असता तर एवढं लागलं नसतं.

पण मला काय हवंय? इथे तरी खरं लिहावं. मला हवंय. खूप हवंय. त्या दिवशी हात वर झाले तेव्हा वि.कडे बघायच्या आधी मला आनंद झाला. तो माझ्या तोंडावर दिसला असणार, आणि त्यांनी पाहिला असणार.

२२ जाने., गुरु.
लंच टाइममध्ये पादरीसाहेबांना फोन केला. या वेळी तो सवाल राहू द्या म्हटलं. तेही मोकळे झाले. “मैं भी यही सोच रहा था, बहन जी.” म्हणजे सगळ्या मंडळीला कळलंय.

बरं वाटलं. मनात नसताना उभं राहून वि.ना खोटं बोलावं लागणार नाही. त्यांना सांगितलं नाही. सांगायचं कशाला? आपोआप टळेल.

२४ जाने., शनि.
आज रूथने आपल्या पाळीला म्हटलं, “प्रभु, मम्मी-पप्पा को लड़ना हो तो लड़ें, मगर बोलकर लड़ें. आमीन.” वि. खाकरले. मी डोळे मिटूनच ठेवले.

नंतर वि. आपला पांढरा शर्ट इस्त्री करत होते. म्हणाले, “तुझी उद्याची साडी दे. इस्त्री तापलेली आहे.” दिली. निऱ्यांच्या जागी हलक्या हाताने फिरवली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून स्वयंपाकघरात गेले.

२५ जाने., रवि., दुपार
झालं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

मला पुढे बोलावलं. वचन वाचलं, आवाज बरा लागला. ठरल्याप्रमाणे पादरीसाहेब सवाल गाळून सरळ प्रार्थनेला वळले. तेवढ्यात वि. उभे राहिले. “पादरी साहब, एक सवाल रह गया.”

पादरीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. बघायला नको होतं. वि.नी ते बघणं पाहिलं आणि त्यांना कळलं. मला दिसलं, कळलेलं.

मग पादरीसाहेबांना विचारावंच लागलं. वि. बाकाची पाठ धरून उभे.

“आज हाँ कहूँगा तो झूठ होगा. अगले इतवार पूछ लीजिए.”

आणि बसले.

पादरीसाहेब सावरून घेत म्हणाले, “तो बहन जी की दुआ भी अगले इतवार.” डॅनियल आंटींनी कोणी न सांगता गीत काढलं, चुकीच्या सुरात, पण काढलं. मी जागेवर येऊन बसले. वि.नी गीताचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी घेतलं नाही.

गाडीत—
मी: भर चर्चमध्ये.
वि.: सवाल तू काढायला लावलास?
मी: तुमच्यासाठी.
वि.: मला विचारून?

रूथ खिडकीबाहेर बघत होती.

कान अजून गरम आहेत. चार लोकांत माझी शोभा झाली. संताप आहे आणि तो राहणार आहे. पण दोन आठवड्यांत हा माणूस पहिल्यांदा जे मनात आहे ते बोलला, हेही विसरता येत नाही. खोटं ‘हाँ’ म्हणणं किती सोपं होतं. मी दोनदा म्हटलंय.

संध्याकाळ
उद्या झेंडावंदन, बँकेला सुट्टी. कुकर लावून बाहेर आले तर वि.नी चटई टाकलेली होती. एरवी मी टाकते. बसलो. मला वाटलं आता गीत काढतील. काढलं नाही. “तू घे” पण म्हणाले नाहीत. रूथ एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे.

मग रूथच्या देखत म्हणाले, “सुलभा, त्या दोन्ही वेळांना मी घरी तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

‘हो’ जिभेवर आलंच होतं, सवयीने. गिळलं.

“विचार करून सांगते,” म्हटलं.

“सांग,” म्हणाले. “मीही करतोय.”

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. उठायला हवं होतं, कोणी उठलं नाही. शेवटी रूथने जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन आमच्या मधे बसली.

गीत आज कोणीच काढलं नाही. पुढच्या रविवारी उत्तर त्यांना मंडळीत द्यायचंय, मला घरात. माझं काय असेल, मला खरंच माहीत नाही.